आमची वाटचाल : लावा, गणपतीला जाऊन या, मग बोला

वडिलांनी सांगलीत गणपती पेठेत अत्तराचं दुकान टाकलं तेव्हा कपाटात पाचच कुप्या होत्या: हिना, खस, गुलाब, मोगरा, चंदन. चंदनाचं तेल आणायला ते स्वतः म्हैसूरला जायचे. तिथला सरकारी कारखाना १९१६ सालचा. सीलबंद डबा मांडीवर घेऊन रात्रीच्या गाडीनं परत येताना डोळ्याला डोळा लागू द्यायचे नाहीत. त्यांची काचेची सळई आणि पितळी तराजू आजही गल्ल्याशेजारी आहे.

पुढची बरीच वर्षं बरी गेली. मग समोर दुकान झालं. नाव लिहीत नाही, पेठेत सगळ्यांना माहीत आहे. काचेवर ‘शुद्ध म्हैसूर चंदन’, आणि भाव आमच्या चौथाईहून कमी. त्या भावात मला चंदनाचा गाभाही मिळत नव्हता, तेल तर लांबच. पण त्यांच्या कुपीचं झाकण उघडलं की वास दुकानभर व्हायचा आणि तिथंच आमचा घात झाला.

खरं चंदन पहिल्या झटक्यात कळत नाही. सळई मनगटाला टेकवली की आधी सायीसारखा मंद वास, जरासा कच्च्या लाकडाचा. अंगाची ऊब लागली की तासाभरानं खुलतो आणि संध्याकाळपर्यंत कातडी सोडत नाही. गिऱ्हाईक मात्र पाच मिनिटांत निकाल देतं. ‘तुमच्या मालात दम नाही’ हे वडिलांच्या फोटोखाली उभं राहून लोकांनी मला ऐकवलंय. दुसऱ्या दिवाळीला बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या.

मिरजेचे एक सतारमेकर आजोबा वडिलांच्या वेळेपासून महिन्याला पाव तोळा न्यायचे. दिवसभर नाकात पॉलिश आणि सरस, म्हणून सकाळी कानामागं चंदन. सतारीची घोडी घासून जवारी काढताना, म्हणजे सूर खुलवताना, मान खाली गेली की वास वर येतो, म्हणायचे. एकदा सकाळी अकराला त्यांनी समोरूनच कुपी विकत आणली. डाव्या मनगटावर ती, उजव्या मनगटावर आमचं. ‘संध्याकाळी येतो’ म्हणून गेले. सहाला परत आले आणि भर गर्दीत दोन्ही हात गल्ल्यावर ठेवले. डाव्यावर नुसता ओशटपणा. उजवं मनगट तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकानं हुंगलं. पुढच्या महिन्यात ते ओळखीची सात-आठ माणसं घेऊन आले.

तेव्हापासून मी प्रत्येक डबा तपासून घेतो. ७० टक्के अल्कोहोलच्या पाच भागांत तेलाचा एक भाग निवळ विरघळला पाहिजे. लिक्विड पॅराफिन असेल तर गढूळ होतं. डीईपी, म्हणजे डायइथाइल थॅलेट या बिनवासाच्या रसायनाची भेसळ यात सापडत नाही, तिला प्रयोगशाळाच लागते. सँटॅलॉल, म्हणजे चंदनाच्या तेलातला मुख्य घटक, ९० टक्क्यांच्या खाली असेल तर डबा परत.

घेणाऱ्यांनाही सांगतो. मनगटं एकमेकांवर घासू नका. पांढऱ्या सदऱ्यावर लावू नका, डाग पडतो. सारखं हुंगू नका, आपलं नाक सरावतं. वास शेजारच्याला येतच असतो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी दोन्ही दुकानांत शिरलं. आम्ही गाळ काढून पुन्हा उघडलं, समोरचं शटर खालीच राहिलं. पण त्यांनी लावलेली सवय गेली नाही. अजून रोज कुणीतरी म्हणतं, ‘वासच येत नाही हो.’ मी वडिलांसारखीच सळई टेकवतो आणि त्याला गणपतीच्या देवळाकडे धाडतो.