आमची वाटचाल : ग्राइंडर न लावता

हिंगणा एमआयडीसीत आमची शेड. स्टीलमध्ये दबून राहिलेला ताण आम्ही मोजतो. मशीन एकच, क्रोमियम ट्यूबचे एक्स-रे डिफ्रॅक्शन. स्टीलच्या अणूंच्या थरांवरून परतणाऱ्या किरणांचे टोक, म्हणजे २११ पीक, १५६ अंशांच्या आसपास धरायचे, हेड झुकवत ते किती सरकते ते बघायचे. थरांमधल्या अंतराची झुकावानुसार काढलेली रेघ (साइन-स्क्वेअर-सायची) चढली तर टेन्शन, म्हणजे ओढणारा ताण; उतरली तर कॉम्प्रेशन, म्हणजे दाबणारा. जॉबला ओरखडाही नाही.

रोज सकाळी गिऱ्हाइकाच्या जॉबआधी लोखंडी भुकटी लावतो. तिच्यात ताण नसतोच, म्हणून आकडा शून्याच्या १४ मेगापास्कल अलीकडेपलीकडे यायलाच हवा. नाही आला, तर दिवसभर काम बंद. पोरं कुरकुरतात, कुरकुरू देत.

आम्हाला जवळजवळ बुडवलं ते शाफ्टच्या एका लॉटने. ग्राइंडिंग केलेले शाफ्ट, रीडिंग सरळ टेन्शनमध्ये, म्हणजे नापास. मोठ्या कारखान्याचे साहेब म्हणाले, तुमची मशीन खोटी. तो लॉट आमच्या स्पर्धकाकडे गेला. त्याने जागा साफ करायला हँड ग्राइंडर फिरवला आणि वर रीडिंग घेतलं. अहो, क्रोमचे किरण स्टीलमध्ये जेमतेम पाचेक मायक्रॉन शिरतात! त्याने मोजला तो शाफ्टचा ताण नव्हे, स्वतःच्या ग्राइंडरचा. तरी त्याचा रिपोर्ट पास, दर आमच्या निम्मा. आमचं वर्षाचं कंत्राट गेलं, मागची बिलंही अडकली. ट्यूबचा हप्ता मात्र थांबेना, आणि मे महिन्यात मशीन थंड ठेवणाऱ्या चिलरनेही मान टाकली.

तेव्हा उभे राहिले स्प्रिंगवाले काका. शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) केलेल्या पट्ट्या आमच्याकडेच तपासायचे. "काहून रे, शटर पाडतं का?" म्हणाले. "तुहा आकडा मले आवडत नाही, पण मायी पट्टी तुटत नाही." पुढच्या तपासणीचे पैसे आधीच टेबलावर ठेवले. पावतीही मागितली नाही. मीच लिहून दिली.

नंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नव्या पोरांनो, दराच्या आधी भुकटीचं रीडिंग मागा. जागा साफ करायची तर इलेक्ट्रोपॉलिश करा, म्हणजे वीज आणि रसायनाने वरचा थर उतरवा, वायर ब्रशसुद्धा नको. ताण मोजायला गेज चिकटवून भोक पाडणाऱ्याला नावं ठेवू नका, ती पद्धत खरी आहे. फक्त तिला 'विनाविध्वंस' म्हणून विकू नका. आणि उधारी लेखी ठेवा.

त्या कारखान्यातून हल्ली पुन्हा फोन येतात. मी दर तोच सांगतो, जुनं बिल आधी चुकतं करा म्हणतो.