धूर, अग्नी आणि टॉवेल

तत्त्वज्ञानात एम.ए. केल्यापासून एक प्रश्न पाठ सोडत नाही: "याचा उपयोग काय रे?" आज मला उत्तर सापडलं, म्हणून लिहितोय.

सोलापुरात अक्कलकोट रोडला काकांचे चार पॉवरलूम आहेत. सकाळी टॉवेलचा एक लॉट परत आला. एकेका टॉवेलमध्ये आडवा धागा सुटलेला. काका भडकले. "रात्रपाळीला अण्णा झोपले असणार. माणूस झोपला की माल बिघडतोच!" लगेच हिशेब करून त्यांना घरी पाठवायला निघाले. अण्णा मान खाली घालून उभे. इतक्या वर्षांचा माणूस, बघवेना.

आणि मला न्यायदर्शन आठवलं, म्हणजे तर्क कसा करावा हे शिकवणारं आपलं जुनं तत्त्वज्ञान. जिथं धूर तिथं अग्नी, हे खरं. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं जळण लागतं. नैयायिक या अटीला 'उपाधी' म्हणतात.

म्हटलं, "काका, झोपलं की माल बिघडतो, मान्य. पण बिघडला म्हणजे झोपलेच होते, हे कशावरून? आधी माग बघू."

अण्णांनी धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा मागाचा भाग, काढून माझ्या हातात दिला. टोकाशी बोट फिरवलं तर बारीक कपची उडालेली. धागा दर फेरीला तिथंच अडकत होता.

काकांनी माफी मागायला हवी होती, असं मला अजून वाटतं. ते काही बोलले नाहीत. चहा मागवला आणि पहिला कप स्वतः अण्णांच्या हातात दिला.