दर्शनं वाचायचीत? मग गाडीपासून सुरुवात करा

‘तत्त्वज्ञान वाचायचंय, कुठून सुरुवात करू?’ असं कुणी विचारलं की बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यात ठरलेली दोन उत्तरं मिळतात. घरातली वडीलधारी म्हणतात ज्ञानेश्वरी घे. कॉलेजातले म्हणतात दर्शनांचा इतिहास घे, आणि सहाशे पानांचा ग्रंथ हातात ठेवतात. ज्ञानेश्वरीबद्दल तक्रार नाही, पण नऊ हजार ओव्या पचवून पुढे गेलेला माणूस बाकीचं सगळं अद्वैताच्या चष्म्यातून बघायला लागतो. जाडजूड इतिहासात वेगळीच अडचण होते. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा, वेदान्त, मग बौद्ध, जैन, चार्वाक अशी यादी पाठ होते, पण कोण कुणाशी भांडतंय हे शेवटपर्यंत कळत नाही. आणि दर्शनं सगळी भांडणातूनच उभी राहिलीत.

म्हणून एकच प्रश्न धरावा आणि त्यावरचे छोटे मूळ ग्रंथ एकापुढे एक ठेवावेत. प्रश्न: या शरीरात बसलेला कुणी आहे का? त्यावर वाद घालताना या लोकांनी वारंवार एकच वस्तू पुढे आणली, ती म्हणजे रथ, गाडी. चिकोडी-अथणीकडे उसाची गाडी बघत मोठं झालेल्याला तिचे भाग समजावून सांगावे लागत नाहीत.

पहिलं पुस्तक कठोपनिषद. दोन अध्याय, प्रत्येकात तीन वल्ली, म्हणजे रोज एक वल्ली धरली तर सहा दिवस. पहिल्या वल्लीत नचिकेता यमाला तिसरा वर मागतो: माणूस मेल्यावर कुणी म्हणतात तो आहे, कुणी म्हणतात नाही, खरं काय ते सांग. उत्तर तिसऱ्या वल्लीत येतं. आत्मा रथात बसलेला धनी, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे आणि विषय म्हणजे त्यांचे रस्ते. इथे थांबून वहीत चित्र काढा आणि सहाही नावं त्यावर लिहा. बहुतेक जण मन आणि बुद्धीची अदलाबदल करतात. मराठी बोलण्यात मनच सगळं करतं, इथे ते नुसता लगाम आहे. लगेच पुढे इंद्रियांपासून वर चढत जाणारी पायरीपायरीची मांडणी आहे: इंद्रियं, विषय, मन, बुद्धी, महान, अव्यक्त, पुरुष. ही सातही नावं लिहून ठेवा, सांख्याकडे गेल्यावर लागतील.

पहिल्या वाचनात शांकरभाष्य उघडू नये. भाष्य म्हणजे पुढच्या शतकांतल्या वादांना दिलेली उत्तरं. प्रश्नच माहीत नसताना उत्तरं वाचली की सगळं एकसारखं गोड वाटतं आणि काहीच हाती लागत नाही.

दुसरं धम्मपद. 26 वर्ग, 423 गाथा. रोज एक वर्ग घेतला तर महिन्याच्या आत संपतो. निवडताना पाली मूळ देवनागरीत आणि गाथांचे क्रमांक दिलेले आहेत की नाही तेवढं बघा. क्रमांक नसलेली प्रत घेऊ नका, पुढे ताडून बघताना पंचाईत होते. पहिल्याच गाथेत गाडी आहे: मलिन मनानं बोललं वा वागलं तर दुःख मागे लागतं, ‘चक्कं व वहतो पदं’, ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागे चाक यावं तसं. एवढी पाली मराठी माणसाला अर्थाशिवायही निम्मी कळते. मग 222वी गाथा काढा. भरकटलेल्या रथासारखा उसळलेला राग जो आवरतो त्याला मी सारथी म्हणतो, बाकीचे नुसते लगाम धरून बसलेले. कठातला सारथी आणि हा सारथी शेजारी ठेवा. कठात सारथ्याच्या मागे एक धनी बसलेला आहे. इथे सारथ्याचं कौतुक आहे, मागे कुणी बसलाय असा शब्दही नाही. आणि 279व्या गाथेत तर सगळे धर्म (म्हणजे इथे सगळ्या गोष्टी) अनात्म आहेत असं स्वच्छ सांगितलंय. इथे एक सावधगिरी: बाराव्या अत्तवग्गात ‘अत्ता’ येतो, तिथे काही अनुवाद सरळ ‘आत्मा’ छापतात आणि वाचक गोंधळतो. त्या वर्गात अर्थ ‘आपण स्वतः’ इतकाच आहे.

तिसरा मिलिंदपञ्ह, तोही बौद्धांचाच. मोठा ग्रंथ आहे, सगळा आता नको. सुरुवातीचा रथाचा संवाद तेवढा वाचा, पण हळू. ग्रीक राजा मिलिंद (इतिहासातला मिनँडर) भिक्षू नागसेनाला नाव विचारतो. नागसेन म्हणतो, नागसेन हे बोलावण्यापुरतं नाव, त्यामागे कुणी व्यक्ती सापडत नाही. राजा उसळतो: मग चीवर कोण नेसतं, शील कोण पाळतं? नागसेन उलट विचारतो, महाराज, आलात कशातून? रथातून. मग दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? साटा? जू? लगाम? पराणी? प्रत्येकाला राजा ‘नाही’ म्हणतो. सगळ्यांचा ढीग म्हणजे रथ का? तेही नाही. या सगळ्याला सोडून वेगळा रथ आहे का? नाही. मग रथ सापडत नाही, आणि आपण तर रथातून आलो म्हणता!

बहुतेक वाचक इथेच पुस्तक मिटतात आणि सांगत फिरतात की बौद्धांच्या मते काहीच नाही. नागसेन तसं म्हणत नाही. राजा रथातून आला हे त्याला मान्यच आहे. हे भाग असे जुळले की ‘रथ’ हे नाव लागतं, असं राजा शेवटी स्वतःच कबूल करतो आणि नागसेन त्याला शाबासकी देतो. हा संवाद वाचला की त्याच ग्रंथातला दिव्याचा संवादही वाचा: रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीच नाही, वेगळीही नाही. हा दिवा लक्षात राहू द्या.

कारण पुढचं पुस्तक जैनांचं, उमास्वामींचं तत्त्वार्थसूत्र, आणि तिथेही दिवा आहे. दहा अध्याय. दिगंबर पाठात 357 सूत्रं, श्वेतांबर पाठात 344. आपल्याकडचा जैन समाज बहुतांशी दिगंबर, तेव्हा इथे मिळणारी प्रत साधारण पहिल्या पाठाची असते. दोन प्रती ताडताना क्रमांक जुळले नाहीत तर छपाईला दोष देऊ नका, आधी पाठ कोणता ते बघा. पहिल्या वाचनात तिसरा आणि चौथा अध्याय सोडून द्या. त्यात नरकभूमी, द्वीप-समुद्र, देवांचे प्रकार आहेत, आणि उत्साहानं निघालेले वाचक तिथेच अडकून पडतात. पहिला, दुसरा, पाचवा घ्या, मग सातवा आणि दहावा. पाचव्यात जीवाचं माप सांगितलंय: प्रदेशांच्या (म्हणजे त्याच्या सूक्ष्म अंशांच्या) संकोच-विस्तारानं तो दिव्यासारखा, खोली लहान तर उजेड लहान जागेत, मोठी तर मोठ्या. म्हणजे मुंगीत मुंगीएवढा, हत्तीत हत्तीएवढा. नागसेनाच्या दिव्यातून कायम राहणारं कुणी निघत नाही. उमास्वामींचा दिवा मात्र खराखुरा आणि प्रत्येकाचा वेगळा.

हे सूत्र ऐकायची सोयही आपल्याकडे आहे. भाद्रपदात दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत दिगंबर मंदिरांतून रोज एका अध्यायाचं वाचन-विवेचन चालतं. आगाऊ विचारून, चपला बाहेर काढून, मागे बसायला कुणी हरकत घेत नाही. त्याच निमित्तानं बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, बघून या. 1204 साली, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या काळात त्याचा मंत्री बिचिराज यानं बांधलेली. मंडपाच्या छतावरच्या कमळाच्या पाकळ्या 72 आहेत: मागच्या, आताच्या आणि पुढच्या काळातले चोवीस-चोवीस तीर्थंकर.

मग ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका. 72 कारिका, म्हणजे श्लोक. पातळ पुस्तक, पण दगडासारखं. पहिल्या तीन, मग नववी, अकरावी, 17 ते 21, आणि 59 ते 68 एवढ्यांवर पहिलं वाचन भागतं. सतराव्या कारिकेशी नागसेनाचा रथ परत आणा. कारिका म्हणते, जे भाग जुळवून केलेलं असतं ते दुसऱ्या कुणासाठी असतं, म्हणून पुरुष, म्हणजे आत बसलेला, आहे. टीकाकार पलंगाचं उदाहरण देतात: पलंग स्वतः झोपत नाही. त्याच कारिकेतलं आणखी एक कारण अधिष्ठान, म्हणजे वर बसून चालवणारा हवा, आणि गौडपादांच्या भाष्यात त्याला उदाहरण कशाचं, तर घोडे जुंपलेल्या रथाचं, सारथी असेल तरच चालणाऱ्या. नागसेन म्हणतो भाग मोजले की कुणी उरत नाही; ईश्वरकृष्ण म्हणतो भाग जोडलेत म्हणूनच कुणीतरी हवा. दोघांनाही गाडीचे भाग तेच दिसतात. माझ्या मते अख्ख्या भारतीय दर्शनातला सगळ्यात चुरशीचा सामना हाच, आणि इतिहासाच्या पुस्तकांत तो दोन वेगळ्या प्रकरणांत विखुरलेला असतो.

वहीत प्रत्येक ग्रंथाला एक पान द्या. डावीकडे तो काय म्हणतो, उजवीकडे तो कुणाला उत्तर देतो. उजवी बाजू कोरी राहिली तर ग्रंथ समजलेला नाही. दुसरं पान आचाराचं. योगसूत्र 2.30 मधले पाच यम, तत्त्वार्थसूत्र 7.1 मधली पाच व्रतं आणि विहारात म्हणतात ते पंचशील, तिन्ही एकाखाली एक लिहा. पहिल्या दोन याद्या अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह अशा हुबेहूब जुळतात. पंचशीलात पाचवं वेगळं: मद्य वर्ज्य. अपरिग्रह गृहस्थाच्या शीलात नाही. त्याखाली बसवण्णांचं ‘कळबेड कोलबेड’ हे कन्नड वचन लिहा. चोरी नको, हिंसा नको, खोटं बोलू नको, मग राग नको, दुसऱ्याची किळस नको, स्वतःची बढाई नको, समोरच्याला दूषण नको. बघता बघता व्रतांची यादी शेजारपाजारच्या वागण्यावर आली.

वचनं मात्र मराठी अनुवादातून वाचण्याची घाई करू नका. घरात, गल्लीत कन्नड बोलणारं कुणी ना कुणी असतंच. शेजारच्या अक्कांना मोठ्यानं वाचायला सांगा. वचनाला छंद नाही, बोलण्याचा ठेका आहे. शेवटच्या अंकितावरून, म्हणजे ठरलेल्या मुद्रेवरून, कवी ओळखायचा: कूडलसंगमदेव म्हणजे बसवण्णा, चन्नमल्लिकार्जुन म्हणजे अक्कमहादेवी, गुहेश्वर म्हणजे अल्लमप्रभू. बसवण्णांचं देहाला देऊळ म्हणणारं वचन शोधा: पाय खांब, देह देऊळ, डोकं सोन्याचा कळस, स्थावर पडतं, जंगम पडत नाही. रथाच्या जागी इथे देऊळ आलंय, आणि टिकतं ते हलणारं. उळवीच्या जत्रेला माघात चक्कड्या, म्हणजे बैलगाड्या, जुंपून जाणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

चीनकडे यानंतर वळावं. आधी गेलात तर लाओ-त्से म्हणजे ‘चिनी वेदान्त’ असा समज होतो, आणि तो पुसायला वेळ लागतो. त्याच्या ताओ ते चिंगची 81 छोटी प्रकरणं आहेत. अकरावं आधी उघडा: तीस आरे एका तुंब्यात येतात, पण चाकाचं काम चालतं ते तुंब्यातल्या मोकळ्या जागेमुळे. तिथेच तर आस बसते. ही मोकळी जागा म्हणजे बौद्धांची शून्यता नव्हे. पुढचं उदाहरण मडक्याचं, त्यापुढचं दारं-खिडक्या पाडलेल्या खोलीचं, सगळी वापराची. चीनला आपले ग्रंथही पोचले होते: सांख्यकारिका टीकेसकट सहाव्या शतकात परमार्थानं चिनीत नेली, आणि 645 साली भारतातून परतलेल्या ह्युएन त्सांगनं बौद्ध ग्रंथांबरोबर वैशेषिकांचाही एक ग्रंथ चिनीत आणला.

कन्फ्यूशियसची वचनं 20 भागांत आहेत. दुसरा आणि चौथा भाग आधी वाचा. दुसऱ्यात 22वं वचन गाडीचं आहे: शब्दाला न जागणारा माणूस कसा चालायचा, मोठ्या गाडीला जू-दांडी जोडणारी खीळ नसेल तर ती कशी चालायची? आत कोण बसलंय हा प्रश्न त्यानं विचारलेलाच नाही. दहावा भाग त्याच्या नेसण्या-खाण्या-बसण्याच्या शिस्तीचा आहे. पहिल्या वाचनात सोडला तरी चालतो, पण सोवळ्याओवळ्यात वाढलेल्यांना तोच सगळ्यात ओळखीचा वाटेल.