अण्णांना अभ्यासात का घातलं, तुम्ही विचारलंत म्हणून

अण्णा, माझे वडील, कॅन्सरनं गेले. त्याचं दुखणं आवरायच्या एका वैद्यकीय अभ्यासात ते होते. त्यात त्यांना का घातलं, हे तुम्ही नातेवाइकांनी दहाव्याला विचारलंत, वर्षश्राद्धाला विचारलंत, मागच्या महिन्यात कळंबला लग्नात हातात अक्षता असतानाही विचारलंत. शब्द दरवेळी वेगळे. "अण्णांवर प्रयोग कशाला करू दिलास?" "डॉक्टरांनी पैसे दिले का गं?" किंवा नुसतंच, "शिकलेली पोर तू." हे शेवटचं सगळ्यात लागतं. म्हणून एकदाच लिहून टाकते.

पैशांचं आधी. जाण्यायेण्याचं भाडं मिळायचं, तिकीट दाखवून. बाकी छदाम नाही.

सही अण्णांची आहे, माझी नाही. पाच पानांचा कागद होता, मराठीत, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी तो मोठ्यानं वाचला. 'या अभ्यासामुळे आजार बरा होणार नाही' हे वाक्य दोनदा वाचलं. अण्णांनी विचारलं, "तुला पटायलंय का?" मी हो म्हटलं. "मग आण इकडं." आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तूच केलीस की सही. बरोबर आहे. इतकी वर्षं मी 'त्यांनी स्वतः सही केली' असं तोंडावर फेकत आले आणि दरवेळी ते 'आण इकडं' आठवत गेले.

आता अभ्यास काय होता ते. गाठ स्वादुपिंडाची, मोठ्या रक्तवाहिनीला गुंडाळलेली, त्यामुळे ऑपरेशनचा विषय पहिल्याच आठवड्यात संपला होता. काविळीसाठी नळी टाकून झाली होती, केमो चालू होती. राहिलं होतं ते दुखणं. जठराच्या मागं, मुख्य धमनीला लागून मज्जातंतूंचं एक जाळं असतं, स्वादुपिंडाचं दुखणं तिथून वर जातं. लांब सुईनं त्या जाळ्यात अल्कोहोल सोडलं की ते तंतू मरतात आणि निरोप पोचत नाही. युक्ती शंभर वर्षांपूर्वीची आहे. ती कधी करायची, हा प्रश्न होता. लगेच, की गोळ्या पुरेनाशा झाल्यावर? निम्म्यांना लगेच सुई, निम्म्यांना आधी गोळ्या. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टरही नाही.

अण्णा म्हणाले, "म्हंजी सरपंचाच्या आरक्षणावानी सोडत." इतकं नेमकं मला मुलांना वर्गात सांगता आलं नसतं.

अल्कोहोल म्हणजे दारूतलंच, हे कळल्यावर मात्र ते गप्प झाले. चाळीस वर्षांची माळ गळ्यात. मग हसले, "आता पोटातून पाजणार व्हय." सोडतीत गोळ्यांचा गट आला तेव्हा त्यांचा चेहरा सुटला, हे मी पाहिलं होतं. तेव्हा मला त्याची गंमत वाटली.

काकांचं म्हणणं की माणसाला असं चिठ्ठीवर टाकायचं नसतं. पण अक्काआत्याचं काय? १९९९ साली आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास सुरू झाला. ४९७ गावांचे ५२ गट पाडले आणि कुठल्या गावाला कुठली तपासणी ते सोडतीनंच ठरवलं. तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायका. अक्काआत्याच्या गावाला एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्यानं होतो त्या विषाणूची, तपासणी आली, तिच्यात दोष निघाला, वेळेत उपचार झाले. ती आज शेळ्या राखते. त्या गटात चौतीस हजार बायकांमागे आठ वर्षांत या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले. ज्या गावांना तपासणी आलीच नाही, फक्त माहिती सांगितली, तिथं साडेएकतीस हजारांमागे ६४. हे २००९ साली छापून आलं आणि जगभर वाचलं गेलं.

हा दाखला मी काकांच्या तोंडावर फेकला होता. पुरा फेकला नव्हता. त्या ६४ जणीही आपल्याच जिल्ह्यातल्या, कदाचित अक्काआत्याच्या जावेच्या माहेरच्या. त्यांना कुणी 'तुमच्या गावाची चिठ्ठी आली नाही' हे कसं सांगितलं असेल? यावर पुढं बराच वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. मला उत्तर येत नाही. तरीही आत्या शेळ्या राखते.

आणखी एक कबूल करते. मी अण्णांना विज्ञानासाठी दिलं नाही. ओपीडीत सकाळी सातला नंबर लावून दुपारी दोनला डॉक्टरांसमोर दोन मिनिटं मिळायची. अभ्यासात आलेल्यांना एक सिस्टर रोज संध्याकाळी फोन करणार होती आणि विचारणार होती, "काका, आज दुखणं दहापैकी किती?" माझ्या बापाला रोज कुणीतरी हे विचारणार, याचा मला लोभ सुटला.

आणि त्याच आकड्यानं घात केला.

गावातल्या मेडिकलवर मॉर्फिन मिळत नाही. १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानं त्याभोवती इतके परवाने उभे केले की बहुतेकांनी ठेवणंच सोडलं. २०१४च्या दुरुस्तीनं मान्यताप्राप्त दवाखान्यांना ते सोपं झालं, गावापर्यंत ते सोपेपण पोचलेलं नाही. आम्हाला दवाखान्यातून पंधरा दिवसांच्या गोळ्या वहीत सही करून मिळायच्या. दर चार तासांनी एक, सोबत पोट साफ राहायचं औषध, आणि मध्येच कळ उठली तर जास्तीची एक. ही जास्तीची गोळी द्यायची म्हणून सिस्टरनं मला तीनदा सांगितलं होतं.

मी त्या गोळ्या कपाटाच्या चोरकप्प्यात कुलपात ठेवल्या होत्या. काका म्हणाले होते, "अफू हाय ती. एकदा चटक लागली की सुटत न्हाई." मी त्यांना हसले होते आणि रात्री माझ्याच मनात तेच आलं. जास्तीची दिली आणि झोपेत श्वास थांबला तर? गोळी माझ्या हातची असणार.

कार्तिक लागला होता. अण्णा झोपू शकत नव्हते. उताणं पडलं की कळ पाठीत शिरायची, म्हणून भिंतीशी उकिडवे बसून पोटाशी उशी घट्ट धरून पुढं वाकायचे. दातात पंचा. संध्याकाळी फोन वाजला की पंचा काढायचे, घसा खाकरायचे आणि सिस्टरला म्हणायचे, "तीन. तीनच हाय बाई." फोन माझ्याकडं, वहीत आकडा मी लिहायची. ३. दुसऱ्या दिवशी ३. तिसऱ्या दिवशी पुन्हा ३, आणि ते लिहिताना माझ्या शेजारी तो पंचा पडला होता, चावून भोकं पडलेला.

आकडा चढता राहिला असता तर गोळ्यांच्या गटातल्यालाही सुई मिळणार होती. नियमच तसा होता.

चौथ्या रात्री तीनच्या सुमाराला त्यांनी माझा हात धरला. आवाज नव्हताच. म्हणाले, "तुला दिसायलंय ते लिही की."

मी फोन लावला. डॉक्टर झोपेतून उठले होते, चिडले नाहीत. "जास्तीची गोळी दिली का?" मी गप्प. "आत्ता द्या. तासाभरात उतार पडला नाही तर परत फोन करा." कुलूप उघडताना किल्ली दोनदा हातातून पडली. पाऊण तासानं अण्णांची मान उशीवर कलली. मी सकाळपर्यंत त्यांच्या छातीकडं बघत बसले, श्वास मोजत. सगळे होते.

ती गोळी पहिल्या रात्रीही त्याच कप्प्यात होती. अभ्यासानं, सोडतीनं, सिस्टरनं ती तिथं कोंडली नव्हती. तुम्ही मला 'प्रयोग का करू दिला' विचारता. 'गोळी का दिली नाहीस' हे अजून कुणीही विचारलेलं नाही.

आठवड्यानं सुई झाली. अण्णा म्हणाले, "चढली न्हाई बग." त्या दिवसापासून ते उताणे झोपू लागले, दुधात कुस्करलेली भाकरी दोनदा मागून घेतली. पुढं साडेपाच आठवडे होते. उतार सुईचा होता की मी आता वेळेवर देत होते त्या गोळ्यांचा? एका माणसावरून ते सांगता येत नाही. मग मी वाचत सुटले. १९९३ साली अमेरिकेत १३७ जणांवर, पोट उघडलेलंच असताना, निम्म्यांना अल्कोहोल आणि निम्म्यांना मिठाचं पाणी सोडलं होतं. आधीपासून दुखत होतं त्यांच्यातले अल्कोहोलवाले जास्त जगलेही. २००४ साली १०० जणांवर पुन्हा पाहिलं, तिथं दुखणं कमी झालं, आयुष्य वाढलं नाही, मॉर्फिनही कमी लागलं नाही. अण्णांच्या केमोचं औषध, जेमसिटाबीन, त्याचंही तसंच. १९९७ साली १२६ जणांच्या अभ्यासात ते जुन्या औषधाहून सरस ठरलं. मधला माणूस, म्हणजे निम्मे ज्याच्या आधी गेले आणि निम्मे नंतर तो, ४.४१ ऐवजी ५.६५ महिने जगला, पण मुख्य मोजमाप होतं दुखणं, हिंडणंफिरणं आणि वजन. म्हणजे तिथंही कुणीतरी रोज आकडे भरले होते. त्यातले किती 'तीनच हाय' होते कोण जाणे.

अण्णा तीन का म्हणायचे? बाईमाणसापुढं विव्हळायचं नाही म्हणून? आकडा वाढला तर पोटात दारू जाईल म्हणून? की सहा म्हटलं तर काका मला बोलतील म्हणून? शेवटच्या साडेपाच आठवड्यांत विचारता आलं असतं. ते बरे दिसत होते, मी विषय काढला नाही.

सिस्टर वही न्यायला घरी आली तेव्हा मी तिला ते पान दाखवलं. म्हटलं, हे तीन आकडे खोटे आहेत, दुरुस्त करायचेत. तिनं पेन दिलं. दुरुस्ती कशी करायची तेही दाखवलं: गिरवायचं नाही, व्हाइटनर नाही, एकच आडवी रेघ, शेजारी नवा आकडा, सही, तारीख. मी रेघ मारायला टेकवलं तेवढ्यात ती म्हणाली, "पण ताई, काका फोनवर काय म्हणाले होते?"

"तीन."

"मग खोडायचं काय?"

मी पेन परत दिलं.