कोशातली नोंद अर्थाच्या पलीकडे वाचताना

शब्दकोश उघडायचा, शब्द शोधायचा, पहिला अर्थ वाचायचा आणि मिटायचा, अशी बहुतेकांची सवय असते. अर्थाआधी येणारी एक-दोन अक्षरे आणि अर्थानंतर चौकोनी कंसात येणारा तुकडा यांवरून नजर घसरत जाते. वास्तविक शब्द वापरायचा कसा, हे तिथेच लिहिलेले असते.

नोंदीपर्यंत पोचण्यातच पहिली अडचण येते, कारण वाक्यात शब्द जसा भेटतो तसा तो कोशात नसतो. ‘देवळात’साठी ‘देऊळ’ पाहावे लागते, ‘वाऱ्याने’साठी ‘वारा’, ‘सुनेला’साठी ‘सून’. क्रियापद ‘-णे’ लावलेल्या रूपात असते, म्हणून ‘गेला’ हवा असेल तर ‘जाणे’ आणि ‘केले’ हवे असेल तर ‘करणे’. जुन्या कोशांत आणखी एक गाठ आहे. आजच्या शुद्धलेखनाचे मूळ नियम १९६२चे. त्याआधीच्या कोशांत ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘करणें’ असे उच्चारात नसलेले अनुस्वार छापलेले दिसतात, आणि ‘कवी’, ‘गुरू’ हे शब्द ‘कवि’, ‘गुरु’ असे ऱ्हस्व असतात. अनुस्वार आला की वर्णक्रमातली जागा बदलते. ‘नाव’ सापडले नाही म्हणून कोश मिटू नये, ‘नांव’ पाहावे. ‘ळ’ बहुधा ‘ह’नंतर येतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ काही ठिकाणी अगदी शेवटी असतात, तर काही ठिकाणी ‘क’ आणि ‘ज’च्या जोडाक्षरांत. कोश हाताळायला घेताना ही चार ठिकाणे एकदाच तपासून ठेवली की पुढचा वेळ वाचतो.

आता शब्दापुढची अक्षरे. पु., स्त्री., न. ही लिंगे, वि. म्हणजे विशेषण, क्रि. वि. म्हणजे क्रियाविशेषण. माझ्या मते साऱ्या नोंदीत सर्वांत मोलाचे अक्षर लिंगाचे. ‘माळ’ पु. म्हणजे मोकळे रान आणि ‘माळ’ स्त्री. म्हणजे मण्यांची. गुरे माळावर चरतात, मणी माळेत ओवतात. ‘मान’ पु. म्हणजे आदर, ‘मान’ स्त्री. म्हणजे गळ्याची मागची बाजू. पाहुण्याला मानाने बसवतात, बैलाच्या मानेवर जू असते. ‘पाठ’ पु. म्हणजे धडा, म्हणून ‘पाठात’, स्त्री. म्हणजे शरीराचा भाग, म्हणून ‘पाठीवर’. ‘वेळ’ तर दोन्ही लिंगांत रोज वापरला जातो. ‘थोड्या वेळाने’ यात तो काळाची लांबी सांगतो, ‘वेळेवर’ यात ठरलेला क्षण.

लिंग कळले तरी सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी होणारे शब्दाचे रूप, पूर्ण कळत नाही, आणि पुष्कळ कोश ते देतही नाहीत. अकारान्त पुल्लिंगी नामाचे सोपे आहे: माळ, माळा-. अकारान्त स्त्रीलिंगी नामांच्या मात्र दोन वाटा आहेत. अशा वेळी अनेकवचन आठवून पाहावे. ते ‘-आ’ने संपत असेल तर सामान्यरूप एकारान्त (माळा, माळेत; माना, मानेवर; सुना, सुनेला), आणि ‘-ई’ने संपत असेल तर ईकारान्त (भिंती, भिंतीवर; पाठी, पाठीवर). मराठी नव्याने शिकणारे आणि परदेशात वाढलेली मुले नेमकी इथेच अडतात. त्यांच्यासाठी कोश करणाऱ्यांनी प्रत्येक स्त्रीलिंगी नामापुढे अनेकवचन छापायलाच हवे.

चौकोनी कंसातली व्युत्पत्ती हौशी वाचकाची गंमत समजली जाते. लिहिणाऱ्यालाही तिचा रोकडा उपयोग आहे. ‘मीठ’ तद्भव, म्हणजे संस्कृतातून रूप बदलून आलेला आहे, म्हणून ‘मिठात’ लिहिताना उपान्त्य (शेवटून दुसऱ्या) ‘मी’तला दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, ‘फूल’चे ‘फुलात’ तसेच. ‘गीत’ आणि ‘शरीर’ संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणून ‘गीतात’, ‘शरीरात’ यांत दीर्घ दीर्घच राहतो. कंसात नुसते ‘सं.’ असेल तर शब्द असा तत्सम असण्याचा संभव, ‘सं.’पुढे वेगळा मूळ शब्द दिला असेल तर तद्भव. गळ्यामागच्या ‘मान’पुढे संस्कृत ‘मन्या’ दिसतो आणि आदराच्या ‘मान’पुढे ‘मान’च. हे एका शब्दाचे दोन अर्थ नसून दोन वेगळे शब्द आहेत, हे तिथेच उघड होते.

मात्र व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ काढू नये. ‘शिक्षा’ संस्कृतात शिकण्याशी निगडित आहे, मराठीत आज ती दंड आहे. शिवाय नुसत्या उच्चारसाम्यावर बेतलेल्या व्युत्पत्तीही छापलेल्या असतात. शंका आली तर कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६च्या व्युत्पत्ति कोशाशी ताडून पाहावे.

क्रियापदांत अक्रि. आणि सक्रि. या खुणा भूतकाळ ठरवतात. ‘धावणे’ अकर्मक, म्हणून ‘तो धावला’. ‘वाचणे’ पुस्तकाच्या संदर्भात सकर्मक, म्हणून ‘त्याने पुस्तक वाचले’. जीव वाचतो तेव्हा तीच अक्षरे घेतलेले क्रियापद अकर्मक असते, म्हणून ‘तो वाचला’. ही खूण काही ठिकाणी फसवते. ‘शिकणे’, ‘विसरणे’ कर्म घेतात, तरी आपण ‘मी मराठी शिकलो’, ‘मी ते विसरलो’ असेच म्हणतो. अशी क्रियापदे थोडी आहेत. ती पाठच करावीत.

दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (पहिला विभाग १९३२) अर्थाजवळच्या गोल कंसांकडे लक्ष द्यावे. ‘(गो.)’ म्हणजे गोमंतकी, ‘(ल.)’ म्हणजे लाक्षणिक. प्रांताची खूण असलेला शब्द सरसकट कुठेही वापरला तर वाचक अडखळतो. अवतरणाखाली ‘ज्ञा. ६.१४’ असे दिसले तर तो ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय, चौदावी ओवी. तिथल्या ‘बोलु’सारखा शब्द आजच्या कोशात हवा असेल तर शेवटचा उकार काढून ‘बोल’ पाहावा. जुन्या मराठीसाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा १९९९चा कोश स्वतंत्रच आहे.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) बऱ्याच नामांपुढे रोमन ‘व्ही’ अक्षर आणि त्यानंतर ‘कर’, ‘दे’, ‘घे’, ‘घाल’ असे धातू येतात. त्या नामाबरोबर कोणते क्रियापद चालते, ते यातून कळते. ही माहिती नुसत्या प्रतिशब्दांत कधीच मिळत नाही. शपथ घेणारा स्वतः बांधला जातो, शपथ घालणारा दुसऱ्याला बांधतो. मार देणे, मार खाणे आणि मार बसणे यांत नाम तेच, माणसाची बाजू वेगळी. ‘आनंद म्हणजे हर्ष, हर्ष म्हणजे आनंद’ अशा गोल फिरणाऱ्या नोंदींपेक्षा धातूंची ही छोटी यादी फार अधिक शिकवते.

मोल्सवर्थ आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. तिथे किंवा कुठल्याही डिजिटल कोशात शब्द असूनही सापडला नाही, तर टंकलेखन तपासावे. ‘वाऱ्या’मधला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो, ‘ॲ’चेही तसेच, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. अशा वेळी शब्दाची पहिली दोन-तीन अक्षरेच टाकून यादीतून नोंद निवडावी.