फ्रिजचं कुलूप

आज मेलबर्नमधल्या एका ग्रुप होममध्ये गेले होते. अपंग व्यक्तींवर निर्बंध कसे वापरले जातात हे तपासणं माझं काम. स्वयंपाकघरात फ्रिजला साखळी आणि कुलूप. कर्मचारी म्हणाले, "इथला एक दादा रात्री उठून खातो, म्हणून लावलंय." कधीपासून? कुणालाच आठवेना.

एनडीआयएस म्हणजे ऑस्ट्रेलियाची अपंगांसाठीची राष्ट्रीय विमा योजना. तिच्या २०१८ च्या नियमांत निर्बंधांचे पाच प्रकार आहेत: एकट्याला कोंडणं, वागणं आवरायला औषध देणं, साधनाने जखडणं, हाताने धरून ठेवणं, आणि जागा किंवा वस्तू बंद करणं. कुलूप पाचव्यात येतं. त्याला त्या व्यक्तीची लेखी वर्तन-योजना लागते, मंजुरी लागते, वापराचा अहवाल दर महिन्याला एनडीआयएसच्या देखरेख आयोगाकडे जातो. या कुलपाबद्दल दादाच्या योजनेत एक ओळही नव्हती. म्हणजे आता पाच कामकाजाच्या दिवसांत आयोगाला कळवणं आलं. ते मी करणारच.

मी लिहीत असताना तो दादा जवळ आला. बोलत नाही तो. त्याने माझा हात धरला, फ्रिजपाशी नेला आणि कुलपावर ठेवला. मग माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मला पुढचं लिहिताच येईना.

घरात आणखी दोघं राहतात. फ्रिज त्यांचाही बंद, दुधासाठी त्यांनाही विचारावं लागतं!

वेळापत्रक पाहिलं. जेवण संध्याकाळी साडेपाचला, पुढचा घास सकाळी आठला. रात्री भूक लागणारच ना हो? उद्या सकाळी पहिला फोन त्यासाठीच, जेवण उशिरा आणि झोपताना दूध-टोस्ट.