तुम्ही विचारलंत म्हणून: रानडुकरं, एल्क आणि एकच रायफल

टेक्सासमधली आपली मंडळी मला नेहमी विचारतात, "पहिलीच रायफल घ्यायचीय. रानडुकरांवर चालली पाहिजे आणि पुढेमागे कोलोरॅडोला एल्कच्या (तिकडच्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला गेलो तर तिथेही. कुठलं कॅलिबर (गोळीच्या जाडीचं माप) घेऊ?" उत्तर आधीच सांगून टाकतो: .३०८ विंचेस्टर घ्या (हे काडतुसाचं नाव, पुढे येणारी अशी आकडेवजा नावंही काडतुसांचीच), १६५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) दणकट बांधणीची गोळी वापरा आणि उरलेले पैसे सरावाच्या काडतुसांवर घाला.

भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा हे सारं इथल्यापुरतं. इथली रानडुकरं मूळची इथली नाहीतच. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं रानात गेली. १९३०च्या दशकात शिकारीच्या हौसेपोटी युरोपातली रानडुकरं आणून सोडली गेली आणि दोन्हींची सरमिसळ झाली. आज टेक्सासमध्ये त्यांची संख्या वीस लाखांच्या पुढे असल्याचा अंदाज आहे. पेरलेल्या मक्यात कळप शिरला की ओळीच्या ओळी उकरून दाणे खातो, सकाळी शेत नांगरल्यासारखं दिसतं. म्हणून २०१९पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने डुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. पण एच-१बी व्हिसावर असाल तर या सवलतीवर विसंबू नका. अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगायला फेडरल कायद्यात मुळात मनाई आहे. राज्याचा चालू शिकार परवाना हातात असेल तर त्यातून सूट मिळते. आधी परवाना काढा, मगच दुकानाची पायरी चढा.

आता डुकराकडे येऊ. मोठा नर सोलायला घेतला की कॅलिबरचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. कातडीत सुरी सहज चालते आणि खांद्यावर आली की अडते. तिथे कातडीखाली पांढरट, चिवट कूर्चेसारखा थर असतो, खांद्यावरून बरगड्यांपर्यंत पसरलेला, म्हाताऱ्या नराचा तर चांगला बोटभर जाड. मादीवरून भांडताना नर एकमेकांना सुळे मारतात, ते या ढालीवर झेलले जातात. वरून वाळलेल्या चिखलाचा लेप असतोच. (सोलताना हातमोजे घालाच, ब्रुसेलोसिस डुकरापासून माणसाला होतो.) या ढालीवरून गोळी उडून जाते असं लोक सांगतात, त्यात तथ्य नाही. खरी अडचण अशी की हलकी, पातळ कवचाची गोळी तिथेच फुटून विखुरते आणि फुप्फुसापर्यंत पुरेसं काही पोचत नाही. त्यातून जखम चरबीने बुजते, रक्त बाहेर सांडत नाही, माग लागत नाही. असं जायबंदी जनावर मेस्किटच्या काटेरी जाळीत शिरलं की सापडणं मुश्किल. आत कुठेतरी ते तडफडत पडलेलं असतं आणि आपण बाहेर टॉर्च घेऊन फिरत असतो. शेतकऱ्याचं नुकसान कितीही झालेलं असो, जनावराचे असे हाल करायचा आपल्याला अधिकार नाही.

म्हणून मी कॅलिबरच्या आधी गोळीची बांधणी विचारतो. १९४६ साली जॉन नोस्लर हे शिकारी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या (एल्कहूनही मोठ्या हरणाच्या) शिकारीला गेले होते. हातात .३०० एच अँड एच मॅग्नम (मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जोरकस काडतूस), म्हणजे ताकदीत काही कमी नव्हतं. पण मूसच्या अंगावर चिखलाचा थर होता आणि गोळ्या वरच्यावर फुटल्या, खोल शिरेनात. मग त्यांनी अशी गोळी बनवली, जिच्या मधोमध धातूची आडभिंत असते: पुढचं शिसं फुलतं, मागचं शाबूत राहून आत घुसत जातं. १९४८मध्ये त्यासाठी त्यांनी कंपनीच काढली. ती पार्टिशन गोळी आजही मिळते. शिवाय कवचाला शिसं घट्ट जोडलेल्या बाँडेड गोळ्या आणि अख्ख्या तांब्याच्या गोळ्याही आहेत. डुक्कर असो वा एल्क, या तिन्हींपैकी काहीही चालेल.

एआर-१५ ही अर्धस्वयंचलित रायफल मित्राकडे असते, म्हणून बऱ्याच जणांच्या मनात .२२३ असते. तिची गोळी बहुधा ५५ ग्रेनची आणि नळीतून निघतानाची ऊर्जा .३०८च्या निम्म्याच्या आसपास. पन्नास यार्डांवरून कानामागे नेमकी बसली तर डुक्कर जागेवर पडतं. पण एकच रायफल घ्यायची असेल तर ही नको. कोलोरॅडोत ती एल्कला कायद्यानेच चालत नाही. तिथे किमान .२४ कॅलिबर, ८५ ग्रेनची फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा लागते. .२४३ या नियमात बसते, तरी एल्कसाठी मी ती सुचवणार नाही. ६.५ क्रीडमूर मात्र उत्तम. धक्का कमी हवा असेल तर बिनधास्त घ्या. एल्कच्या मोठ्या नराच्या खांद्याच्या हाडासाठी मला जरा जड गोळी बरी वाटते, एवढंच. आणि कुणी चांगल्या स्थितीतली .२७० किंवा .३०-०६ देत असेल तर शोध तिथेच थांबवा.

"मग थेट .३०० विन मॅगच (विंचेस्टर मॅग्नम) घेतो, एल्क मोठं जनावर आहे," असंही म्हणतात. .३०८, .३०-०६ आणि .३०० विन मॅग, तिघींची गोळी एकाच जाडीची, ०.३०८ इंच. फरक मागच्या दारूचा आणि त्यामुळे वेगाचा. तो वेग लांब टप्प्यावर कामाला येतो, पण त्याची किंमत खांदा मोजतो. नवखा माणूस थोड्याच बारांनंतर धक्क्याला बिचकायला लागतो, चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात आणि नेम सरकतो. रेंजवर हे मी इतक्यांच्या बाबतीत पाहिलंय की पहिल्या रायफलसाठी मॅग्नमला माझा ठाम नकार आहे. २०० यार्डांवर नेम बसवलेली .३०८ तीनशे यार्डांवर आठ-नऊ इंच खाली मारते. त्यापलीकडे नवख्याने एल्कवर बार टाकूच नये. डुक्कर तर बहुतेक वेळा दीडशे यार्डांच्या आतच मिळतं.

हरणाची सवय असलेले डुकरावर खांद्याच्या बरंच मागे आणि उंच नेम धरतात. डुकराचं हृदय खाली आणि पुढे असतं, पुढच्या पायांच्या मधोमध. आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात नेम धरा. मागे धरलात तर गोळी पोटात जाते.

दुकानात गेलात की दस्ता खांद्याला लावून बघा, तोही शिकारीला घालाल त्याच जाडीचं जाकीट घालून. डोळे मिटून रायफल उचला, मग उघडा. स्कोपचा (नेमाच्या दुर्बिणीचा) गोल पूर्ण दिसायला मान पुढे ताणावी लागत असेल तर स्कोप मागे घेऊन द्यायला सांगा, तरी जमेना तर आखूड दस्त्याची मागा.